साताऱ्याचा नळ आणि वडगावचा भोंगा

साताऱ्यात उतरलो की आपल्या माणसांचे पाय आधी राजवाड्याकडे वळतात. आम्हीही मुलाबाळांसह तिकडेच गेलो. येथील प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो.

साताऱ्यातील शाळेची आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बसायला गोणपाट घरून न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे. शाळेत नळ होता, नळाला पाणीही होते. पण तोटीला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. मुलांनी हे ऐकले आणि ती गप्प झाली.

आज शाळाशाळांत संगणक आले, प्रोजेक्टर आले. ‘बालभारती’च्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन आले, मोबाईल त्यावर धरला की धडा पडद्यावर दिसतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नळ असणे आणि पाणी मिळणे यातला फरक आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि तो फरक घरोघरी दिसला. वर्ग मोबाईलवर भरू लागले. आमच्या वस्तीत एका घरात एक मोबाईल आणि शिकणारी मुले तीन. मोबाईल वडिलांच्या खिशात, आणि वडील ड्युटीवर. रात्री ते घरी येईपर्यंत वर्ग संपलेला असे. रिचार्ज संपला की शाळाही संपली! पोरांची हुशारी कमी नव्हती, तोटी दुसऱ्याच्या हातात होती.

तरी वाट काढणारे निघालेच. याच सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरून शिकवले. कॉन्फरन्स कॉलवर काही मुलांना एकत्र जोडायचे आणि गोष्ट सांगायची. ना पडदा, ना इंटरनेट. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, तेव्हा टीव्ही असलेल्या घरात वर्ग पोहोचला. महागड्या यंत्रापेक्षा मुलाच्या घरात काय आहे हे पाहणारा गुरुजी मोठा, हे त्या वर्षी कळले.

पुढे आम्ही कराडहून सांगली जिल्ह्यात शिरलो. दोन्ही बाजूंना ऊस. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे तसे साधे शेतकरी गाव. शाळा पुन्हा उघडल्या, पण मुलांच्या हातातला मोबाईल काही सुटेना. अभ्यासासाठी दिलेल्या मोबाईलवर खेळ आणि व्हिडिओच चालत. आयाबायांनी हे गाऱ्हाणे गावसभेत मांडले. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी निर्णय घेतला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून मंदिरावरचा भोंगा संध्याकाळी सात वाजता वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुले पुस्तकापाशी. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले. नियम मोठ्यांनीही पाळायचा, ही त्यातली खरी गोम. बाप मालिका बघत बसला तर पोरगा पुस्तक कशाला उघडेल?

कोणी म्हणेल, एकीकडे मोबाईल नाही म्हणून रडता आणि दुसरीकडे बंद करा म्हणता! पण दोन्ही गोष्टी एकच आहेत. यंत्र कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे आपल्या हातात हवे. माणच्या गुरुजींनी उघडले, वडगावने मिटले. दोघांनीही मुलाकडे पाहून ठरवले.

परतीच्या एसटीत आमच्यात हाच विषय चालला होता. आपल्या वस्तीत काय करता येईल? शाळेत संगणक कुलपात पडून असतील, तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि आठवड्याला किती तास मुलांच्या हाती येतात ते विचारावे. विहार संध्याकाळी रिकामे असते; तेथे दिवा आहे, सतरंजी आहे. दीड तास अभ्यासिका चालवावी. एखाद्या शिकलेल्या ताईने किंवा दादाने आपला मोबाईल तेवढ्या वेळापुरता सर्व मुलांसाठी ठेवावा, म्हणजे पुस्तकावरचा तो चौकोन ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यालाही उघडता येईल. आणि त्या वेळात घराघरातला टीव्ही मोठ्यांनी बंद ठेवावा.

याला अनुदान लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आजच संध्याकाळी सातला सुरुवात करता येईल.