जागच्या जागी अवकाशसफर

दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात मुलीकडे गेलो असता ती आम्हांला अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड पाहावयास घेऊन गेली. आम्हांला म्हणजे मला, पत्नीला आणि माझ्या 78 वर्षांच्या आईला. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटावर बेतलेली ‘स्टार टूर्स’ नावाची एक अवकाशसफर तेथे आहे. तिच्या प्रवेशद्वाराशी इशाऱ्याचा फलक होता: रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे किंवा मानेचे दुखणे, गाडी लागण्याची सवय आणि गर्भारपण असलेल्यांनी आत जाऊ नये. आईच्या पाठीचा एक मणका हाडांच्या ठिसूळपणामुळे दबलेला आहे. मी फलक वाचला, मागे वळलो आणि म्हणालो, “आई, तू त्या बाकावर बस. आम्ही येतोच.” ती बसली. पत्नीही तिच्या सोबतीला थांबली.

या सफरीविषयी मला असलेले कुतूहल बरेचसे वैद्यकीय होते. ती 9 जानेवारी 1987 रोजी सुरू झाली. डिस्नेच्या मंडळींच्या मनात आधी त्यांचाच 1979 सालचा ‘द ब्लॅक होल’ हा चित्रपट होता. पुढे ‘स्टार वॉर्स’चे निर्माते जॉर्ज ल्यूकस यांच्याशी हातमिळवणी झाली. प्रेक्षकाला अवकाशात नेणारे यंत्र मात्र कोठून आणायचे? ते सापडले इंग्लंडमध्ये. रेडिफ्यूजन नावाची कंपनी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी खोटी विमाने तयार करीत असे: द्रवदाबावर चालणाऱ्या पायांवर उभी केलेली, जागच्या जागी कलणारी, हिंदकळणारी खोली. अशा चार खोल्या येथे बसविल्या, प्रत्येकीत 40 आसने. ल्यूकस यांच्याच संस्थेने पडद्यावरचा चित्रपट तयार केला आणि मग चित्रातील प्रत्येक वळणाशी खोलीची प्रत्येक हालचाल जुळवून घेण्यात आली.

खरी गंमत येथेच आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या डोके कोणत्या दिशेने फिरले ते ओळखतात. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात. आपण पुढे वेगाने निघालो की हे खडे मागे रेलतात. पण डोके नुसते मागे कलले तरीही ते तसेच रेलतात. या दोहोंतील फरक त्या खड्यांना एकट्याने कळत नाही, त्यासाठी मेंदू डोळ्यांची साक्ष काढतो. आणि डोळ्यांपुढे तर तारे सुसाट मागे पळत असतात! खोली थोडी मागे कलते, पाठ आसनाला टेकते आणि मेंदू निर्वाळा देतो की यान भरधाव निघाले. मग ती इतक्या हळू सरळ केली जाते की आपल्याला पत्ताही लागत नाही.

लोकांनी ही फसवणूक डोक्यावर घेतली. उद्‌घाटनाच्या वेळी ते उद्यान सलग 60 तास उघडे ठेवले होते. पुढे 2010 पर्यंत तोच एक चित्रपट दाखवीत असत. 2011 पासून तो त्रिमितीय झाला आणि दर खेपेला प्रसंग बदलू लागले. आम्ही पाहिला तो हा नवा अवतार.

डोळे आणि कान यांची साक्ष जेथे जुळत नाही, तेथे मळमळ सुरू होते. घाटात बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्याचे होते तेच. हे सारे मला पाठ होते. तरीही पाच मिनिटांच्या आत माझ्या कपाळावर घाम आला, तोंडाला पाणी सुटले आणि बाहेर आलो तो मुलीच्या खांद्याला धरून. आईने एक शब्द न बोलता पिशवीतून आलेपाकाची वडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

(जाता जाता: चक्कर म्हटली की प्रत्येक वेळी ‘चक्करची गोळी’ हे उत्तर नसते. कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद घर फिरल्यासारखे वाटते, तेव्हा बहुधा हेच खडे जागचे सुटून नलिकेत शिरलेले असतात. डोके ठरावीक क्रमाने फिरवून डॉक्टर ते परत जागी आणू शकतात. या गोळ्या महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेतल्याने वृद्धांना गुंगी येते, तोल आणखी जातो आणि पडण्याचा धोका वाढतो.)

वडी चघळून जरा बरे वाटल्यावर मी हसत म्हणालो, “बघ, तुला नेले नाही ते बरेच झाले.”

“नेलं नाहीस ते बरोबरच होतं,” आई म्हणाली. “मणक्याचं मलाही कळतं. मी नाहीच म्हणणार होते. पण तू मला विचारलं नाहीस. फलक वाचलास आणि मला बाकावर बसवून मोकळा झालास.”

मी गप्प राहिलो. दवाखान्यात रोज हेच घडते. आजोबा समोर बसलेले असतात, मी प्रश्न त्यांना विचारतो, उत्तर मुलगा देतो. आणि पुढचा प्रश्न मी मुलालाच विचारतो.

संध्याकाळपर्यंत आई फारशी बोलली नाही. उद्यानाला वेढा घालणारी एक जुन्या धाटणीची आगगाडी तेथे आहे. तिच्या स्थानकाशी आई थांबली. मी सवयीने फलक शोधू लागलो. तेवढ्यात तिने नातीचा हात धरला, एक एक पायरी सांभाळत वर गेली आणि डब्यात खिडकीची जागा पकडली.

“तू खाली थांबलास तरी चालेल,” ती वरून म्हणाली. “तुला गाडी लागते.”

तिने दोन फेऱ्या मारल्या. बोगद्यातले डायनासोर तिला पुन्हा पाहायचे होते.