बारा लाकडांचा पूल

मे महिन्याच्या सुट्टीत मी एक अख्खी टेकडी बोडकी केली. खरी नव्हे हो! माझ्या भाचीच्या 'माइनक्राफ्ट'मधली. पण तिचा चेहरा पाहून मला वनखात्याने रंगेहाथ पकडल्यासारखे वाटले.

झाले असे. भाची सातवीत. सुट्टीला आमच्याकडे आली ती लॅपटॉप आणि त्यातले आपले 'जग' घेऊनच. ज्या आईबाबांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माइनक्राफ्टमध्ये माती, दगड, झाडे, सारे काही एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा ठोकळ्यांचे. सूर्यसुद्धा चौकोनी! सुरुवातीला हातात काहीच नसते. मग झाडाच्या बुंध्यावर बुक्क्या मारायच्या. एक ओंडका मिळाला की त्याच्या चार फळ्या होतात, दोन फळ्यांच्या चार काठ्या, आणि त्यातून कुऱ्हाड, कुदळ, होडी, दार, पेटी. लाकूड नाही तर काही नाही.

"मामा, जरा लाकूड आणून ठेव, मी जेवून येते," असे सांगून ती गेली. तिच्या जगात मीही माझ्या लॅपटॉपवरून शिरलो होतो. मामाने मन लावून काम केले. घरासमोर नदी, नदीपलीकडे टेकडी, टेकडीवर ओकची तीसेक झाडे. सगळी तोडली. तीही अर्धीमुर्धी! हात पोचेल तेवढा बुंधा काढला आणि पुढच्या झाडाकडे वळलो. या जगात झाड खालून तोडले तरी शेंडा खाली पडत नाही. ती ताक पीत पीत आली तेव्हा टेकडीवर तीस हिरवे झुपके अधांतरी लटकत होते.

"मामा! अरे, हे काय केलंस? आणि रोपं कुठे आहेत?"

"कसली रोपं?"

मग मला शिकवणी मिळाली. बुंधा पूर्ण काढला की पाने एकेक करून गळून जातात आणि गळताना त्यातून क्वचित एखादे रोप पडते. साधारण वीस पानांमागे एक. ते उचलून लावले तर झाड परत येते, नाही तर नाही. इथे वारा बी उडवून नेत नाही, पाखरे फळे खाऊन बिया टाकत नाहीत. बोडकी केलेली टेकडी दहा वर्षांनी उघडून पाहा, बोडकीच असेल.

"आता शिक्षा," ती म्हणाली. "या जगात जेवढी लाकडं आहेत तेवढी सगळी आणायची. प्रत्येकाची रोपंही आणायची आणि टेकडीवर लावायची. आणि नदीवर पूल बांधायचा. एका लाकडाचा एक गाळा."

"गाळे किती?"

"बारा!"

हा बाराचा आकडा एकदम आलेला नाही बरं का. स्वीडनमधल्या मार्कुस पेरसन यांनी २००९ साली हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला तेव्हा लाकूड एकच होते, ओकचे. २०११ मध्ये स्प्रूस आणि बर्च आले, पण त्यांच्याही फळ्या ओकसारख्याच निघत. फळ्यांचे रंग वेगळे झाले २०१२ मध्ये. मग दर काही वर्षांनी एखाद-दुसरे नवे झाड उगवत गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पेल ओकने बारा पूर्ण केले. माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिने विचारले, "यात साग कोणता रे?" साग नाही. आंबा नाही, फणस नाही, शिसव नाही. आईचा खेळातला रस तिथेच संपला.

आम्ही निघालो. हे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे आहे. हिशोब करा: साठ हजार किलोमीटर! पृथ्वीच्या विषुववृत्ताचा घेर चाळीस हजार. म्हणजे हरवायला भरपूर वाव.

आधी बर्चचे रान लागले. पांढरी साल, त्यावर काळे फरांटे, आतली फळी फिकट पिवळी. या झाडाचा आपला भाऊ हिमालयात आहे. भूर्ज! ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, ते भूर्जपत्र याच कुळातले. पुढे बर्फ सुरू झाला आणि स्प्रूसची उंच, टोकदार झाडे आली. चार रोपे चौकोनात लावली तर स्प्रूस राक्षसासारखा वाढतो. आम्ही एकच झाड तोडले, तेवढ्यात लांडगे दिसले म्हणून पाय काढता घेतला. (लांडगे आपण होऊन काही करत नाहीत, हे भाचीने नंतर सांगितले.)

मग उष्ण, सुक्या गवताचा माळ. तिथे अकेशिया. वाकडे, तिरके खोड आणि वर छत्रीसारखा चपटा पसारा. आफ्रिकेच्या चित्रांत सिंहाच्या मागे दिसते ना, तेच. आपली बाभूळ याच्याच नात्यातली. साल राखाडी आणि फळी मात्र शेंदरी! बाभळीच्या लाकडाची बैलगाडीची चाके आणि औते आपल्याकडे किती पिढ्या टिकली. इथल्या अकेशियाला काटेच नाहीत. मला ते काही रुचले नाही. काट्यांवाचून कसली बाभूळ?

माळ संपला आणि घनदाट जंगल सुरू झाले. झाडे इतकी उंच, की मान दुखेल. वेली धरून वर चढता येते. याचे रोप मिळणे इतरांच्या दुप्पट कठीण, चाळीस पानांत एक. आम्ही अर्धा तास पाने झाडत होतो. तिथेच बांबूचे बेट लागले. बांबू म्हणजे खरे तर गवत, आणि खेळाने तो मान ठेवला आहे. नऊ बांबू बांधले की एक ठोकळा होतो आणि त्यातून फळ्या निघतात फक्त दोन. त्याची होडीही होत नाही, तराफा होतो. आम्ही लगेच तराफा बांधला, कारण पुढे दलदल होती.

आणि मित्रांनो, या दलदलीत मला सगळ्यांत जास्त आनंद झाला. कारण ही खारफुटी होती! चिखलातून वर आलेली मुळांची जाळी, त्यांवर उभी झाडे, मधून बेडूक उड्या मारताहेत. तराफा दर दोन हातांवर अडकत होता. भाची म्हणाली, "इथं पानांतून रोप पडत नाही. वर बघ." पानांखाली हिरव्या शेंगांसारखे काही लोंबत होते. तीच रोपे. कोकणात खाडीकाठच्या कांदळाला असेच होते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे लोंबते आणि पिकले की गळून चिखलात रुतते. ज्याने कोणी हे झाड २०२२ मध्ये या खेळात आणले, त्याने खरी खारफुटी नीट पाहिली असणार. हे रोप पाण्याखाली लावले तरी चालते. आम्ही एक झाड तोडले आणि त्याच्या जागी दोन लावली. फळी निघाली गडद लाल.

चेरीसाठी डोंगर चढावा लागला. गुलाबी पाकळ्या सारख्या गळत असतात. फळीही गुलाबी, बाहुलीच्या घराला शोभेल अशी. पण चेरीच्या झाडाला चेरी लागत नाही, आणि ओकच्या झाडातून चक्क सफरचंद पडते! खरा ओक, ज्याच्या एका भावाला उत्तराखंडात बांज म्हणतात, तो सफरचंद देतो हे ऐकून तिथली माकडे हसतील.

घरी परतून सगळा माल पेटीत ठेवला. क्रिमसन आणि वॉर्प्ड ही दोन लाकडे 'नेदर' नावाच्या आगीच्या पाताळात मिळतात. ऑब्सिडियन दगडाची चौकट उभारून पेटवायची आणि त्यातून शिरायचे. एक लाल, एक निळसर हिरवे. ही झाडे नव्हेतच, महाकाय अळंब्या. यांच्या फळ्यांना आग लागत नाही. "वीज पडून पूल जळला, तरी दोन गाळे उरतील," हा भाचीचा हिशोब.

राहिले दोन, आणि ते शेजारी शेजारी. डार्क ओकचे रान इतके दाट, की भर दुपारी खाली अंधार. त्याचे रोप एकटे वाढत नाही. चार रोपे चौकोनात लावली तरच झाड होते, तीन लावून बसलात तर बसाच! आठ रोपे जमवली. चार तिथेच लावली, चार माझ्या झोळीत. या रानाला लागूनच राखाडी-पांढरे वन होते, पेल ओकचे. तिथे गाय नाही, मेंढी नाही, खेळातले संगीतही बंद होते. झाडांवरून पांढुरके शेवाळ लोंबत होते. यालाही चारच रोपे लागतात. तीन मिळाली, चौथे काही पडेना. शेवटी ते पडले, पण तोवर सूर्य मावळला होता. तिथला दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांचा!

करकर... करकर...

"मामा, मागे बघ. आणि नजर हटवू नकोस!"

माझ्यामागे एक झाडासारखाच उंच प्राणी उभा होता. याला 'क्रीकिंग' म्हणतात. कोणी पाहत असेल तर हा जागचा हलत नाही, नजर वळली की चालून येतो. कितीही मारा, मरत नाही, कारण त्याचे काळीज त्याच्यात नसते. ते जवळच्या एखाद्या खोडात दडलेले असते. तेच फोडावे लागते. मी त्याच्याकडे टक लावून बसायचे आणि भाचीने काळीज शोधायचे असे ठरले.

आणि दाराची घंटा वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. आपण एकटे खेळत असू तर खेळ थांबवता येतो, दोघांच्या जगात ती सोय नाही. मी परत आलो तेव्हा पडद्यावर मी मेलो होतो.

मेलेला माणूस आपल्या पलंगापाशी पुन्हा जिवंत होतो. माझा पलंग घरी. झोळीतले सगळे मात्र त्या वनात सांडलेले, आणि सांडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. आठ रोपे, चार डार्क ओकची आणि चार पेल ओकची, तिथे जमिनीवर पडली होती. मी धावत निघालो तरी पोचणार नव्हतो.

"काळीज फुटलं!" भाची शेजारच्या खुर्चीतून ओरडली. "पण मामा, माझी झोळी भरली आहे. एकही कप्पा रिकामा नाही." तिच्या झोळीत दोन्ही रानांच्या फळ्या, शिवाय दगड, खाणे, हत्यारे. मी म्हणालो, "दगड टाक." दगड टाकले तर पेल ओकची रोपे आली. अजून एक कप्पा हवा होता. हत्यारे टाकली तर रात्री तीच मरणार. खाणे टाकले तर घर गाठता येणार नाही. तिने दोन सेकंद विचार केला आणि डार्क ओकच्या फळ्यांचा ढीग टाकून दिला. पुलाचा एक गाळा गेला. रोपे आली.

टेकडी आम्ही दुसऱ्या दिवशी लावली. पुलाचे अकरा गाळे झाले, आणि अकराव्यापुढे भोक. उडी मारून जावे लागे. डार्क ओक वाढेल तेव्हा बारावा. झाड झटपट वाढवायला हाडांची भुकटी लागते, ती केव्हाच संपली होती. शिवाय जवळ कोणी असेल तरच रोप वाढते, दूर गेलो तर ते तसेच थांबते. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघे टेकडीवर नुसते उभे राहिलो. बाहेर आई जेवायला हाका मारत होती. एकाएकी चारही रोपे गायब, आणि त्या जागी काळसर, जाड बुंधा!

"तोड, मामा."

मी कुऱ्हाड उचलली आणि थांबलो. पाने मोजायला लागलो. वीसात एक म्हणे, पण चार नाही पडली तर? पुन्हा त्या रानात कोण जाणार? "तूच तोड," मी म्हणालो, "पण घरी जाऊन, निवांत. सगळी पानं गळेपर्यंत हलू नकोस."

सकाळच्या गाडीने ती गेली. रविवारी फोन आला.

"मामा, सहा! सहा रोपं पडली!"

"चार लगेच लाव," मी म्हणालो, "आणि दोन पेटीत ठेव. आणि ऐक, पेटी पलंगाजवळ ठेव."