पांजरपोळातले पिल्लू

जळगावला गेलात तर नेरी नाक्याजवळचे पांजरपोळ पाहा. भाकड, थकल्या गुरांचा तो आसरा. मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून १८३२ साली दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये तिथले पांजरपोळ निघाले.

चाऱ्याच्या गंजीआड एक मांजरी पिलांना पाजत होती. गडी म्हणाला, “भाऊ, दूध तुटलं की एक न्या.”

मी गप्प झालो. कणगीतली दादर वाचवायला मी उंदरांना विष घातले होते. तसला उंदीर खाऊन आमची मनी गेली.

दोन महिन्यांचे झाल्यावर पिल्लू आणले. पंधरा दिवस घरातच कोंडले, म्हणजे वाट धरत नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचली. विष मात्र पुन्हा घरात आणले नाही.