बख्शी का तालाब : चकमार्गांवरून सायकलीने

लखनौ पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा मोठा इमामबाडा, रूमी दरवाजा व रेसिडेन्सी पाहतो, चिकनचे कापड खरेदी करतो आणि परतीच्या गाडीत बसतो. गोमतीच्या उत्तरेस, सीतापूरच्या सडकेवर सुमारे 20 किलोमीटर अंतरावर असलेल्या बख्शी का तालाब या गावी मुद्दाम जाणारे थोडेच. परंतु वाचकहो, आपणांस सायकलीची आवड असेल आणि मोटारींच्या गदारोळापासून दूर, शेताशिवारांतून एक दिवस हिंडावे अशी इच्छा असेल, तर हा प्रदेश आपली निराशा करणार नाही.

प्रथम नावाचा उलगडा करू. बक्षी म्हणजे फौजेच्या पगाराचा व हिशेबाचा अधिकारी. महादजी शिंद्यांचे जिवबादादा बक्षी मराठी वाचकांस परिचित आहेतच. अवधच्या नवाबी काळात असाच हुद्दा भूषविणाऱ्या बक्षी त्रिपुरचंद यांनी येथे पायऱ्यांचे प्रशस्त तळे बांधले. त्याच्या चारही कोपऱ्यांवर बुरूज असून जवळच बांकेबिहारीचे मंदिर आहे. तळ्यावरून गावास नाव मिळाले, आणि पुढे तहसिलीस व रेल्वे स्थानकासही तेच नाव पडले. येथे भारतीय वायुसेनेचा तळही आहे. त्याच्या कुंपणापासून दूर राहावे व तेथे छायाचित्रे घेऊ नयेत, हे सांगणे नलगे.

परंतु येथील खरे धन तळ्यात नसून वाटांत आहे. उत्तर प्रदेशात 1953 साली जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला. एका कुटुंबाचे चार दिशांस विखुरलेले तुकडे एकत्र करून त्यांचा सलग ‘चक’ बांधावयाचा, यास तिकडे ‘चकबंदी’ म्हणतात. चक बांधताना तेथवर बैलगाडी जावी म्हणून दोन शेतांमधून मातीचे रस्ते आखण्यात आले. त्यांचेच नाव ‘चकमार्ग’ अथवा बोलीभाषेत ‘चकरोड’. हे रस्ते कोणा एकाच्या मालकीचे नसून ग्रामसभेकडे असतात. मोटारीस त्यांवर काम नाही. सकाळी वैरणीचा भारा घेऊन निघालेली सायकल, क्वचित एखादा ट्रॅक्टर, एवढीच काय ती वर्दळ.

गंगेच्या मैदानात आपल्या सह्याद्रीसारखा काळा पाषाण नाही. खडी आणावी तर दुरून. म्हणून पूर्वी येथील सडकांवर जमिनीतूनच निघणारे चुनखडीचे गाठाळ खडे, म्हणजे ‘कंकर’, अंथरीत. गावाच्या तोंडाशी विटा उभ्या काटावर बसवून जो रस्ता करतात, त्यास ‘खडंजा’ म्हणतात. याखेरीज 1928 साली सुरू झालेल्या शारदा कालव्याच्या शाखा लखनौ जिल्ह्यात आल्या आहेत आणि कालव्याच्या काठाने देखरेखीसाठी मातीची ‘पटरी’ असते. माती, कंकर, खडंजा आणि पटरी, अशा चार प्रकारच्या भूमीवरून येथे चाक फिरते.

युरोपात अशा वाटांचा शोध घेत हिंडणे हा आता मोठा छंद झाला आहे. फ्रान्समध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे व कालव्यांच्या काठांचे ‘हरित मार्ग’ करण्यात आले. बरगंडीमधील झिव्री ते क्लूनी हा सुमारे 44 किलोमीटरचा मार्ग 1997 मध्ये खुला झाला, तो त्यांतील अग्रणी होय. खडीच्या व मातीच्या रस्त्यांसाठी रुंद धावांची खास सायकल निघाली असून तिची धाव साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असते. गंमत अशी, की आपल्या खेड्यांतील काळ्या, भारदस्त सायकलीची धाव दीड इंच, म्हणजे अडतीस मिलिमीटर असते! जी गोष्ट तिकडे नवलाईने विकली जाते, ती आपल्या दूधवाल्याच्या दाराशी कित्येक वर्षे उभी आहे. तेव्हा महागडे वाहन नाही म्हणून कोणी हिरमुसू नये.

एका दिवसाच्या सफरीसाठी कठवारा येथील चंद्रिकादेवीचे मंदिर हे ठिकाण उत्तम. ते गावाच्या पश्चिमेस, गोमतीच्या तीरावर आहे. अमावास्येस तेथे मोठी जत्रा भरते. निवांतपणा हवा असेल तर ती तिथी टाळावी, लोकजीवन पाहावयाचे असेल तर तीच साधावी. वाटेत आमराया लागतात. मलिहाबाद व काकोरीच्या जोडीने हा भागही दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. फाल्गुनात मोहोराचा सुगंध, जूनमध्ये झाडाखाली रचलेल्या पेट्या, माघात सरसूची पिवळी शेते आणि पाणथळ जागी जोडीने चालणारे सारस पक्षी, असे ऋतूऋतूंचे वैभव येथे आहे. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे.

ऋतूची निवड मात्र विचाराने करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने चांगले. पौषात दाट धुके पडते, मे महिन्यात ‘लू’ वाहते आणि पावसाळ्यात चिकणमाती चाकाला अशी बिलगते, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीचे काटे असतात, म्हणून पंक्चरचे सामान व हवेचा पंप जवळ असू द्यावा. रस्ता विचारताना वडीलधाऱ्यांस ‘चाचा’ किंवा ‘बाबा’ म्हणावे. अवधी माणूस वाट दाखवील, आणि बहुधा गूळपाणीही पुढे करील.

आता एक चिंतेची गोष्ट. चकमार्ग नकाशावर असतो, परंतु जमिनीवर तो दरवर्षी थोडा थोडा अरुंद होतो. नांगर फिरविताना कडेचा शेतकरी एक तास रस्त्यात घालतो. समोरचाही तेच करतो. दहा वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते आणि मग आतल्या शेताच्या धन्यास ऊस अथवा आंबा बाहेर काढणे कठीण जाते. भांडणे लागतात, ती तहसिलीपर्यंत जातात. दुसरीकडून लखनौ शहर वाढत आहे. शहराभोवतीचा सुमारे 104 किलोमीटरचा ‘किसान पथ’ झाल्यापासून शेतांची वसाहतींत रूपांतरे वेगाने होत आहेत. फ्रान्सचा अनुभवही बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोठ्या प्रमाणावर जमिनीचे एकत्रीकरण झाले, तेव्हा आपल्याप्रमाणे रस्ते मिळण्याऐवजी असंख्य जुन्या ग्रामवाटा व कुंपणझुडपे नाहीशी झाली. ज्या वाटेवर कोणी चालत नाही, ती दीर्घ वहिवाटीने शेजाऱ्याच्या पदरात जाऊ शकते, असा तेथील कायदा आहे. म्हणून तेथील हौशी मंडळी जुने नकाशे घेऊन मुद्दाम अशा वाटांनी जातात.

हा धडा आपणांसही घेण्याजोगा आहे. आपल्या महाराष्ट्रातील पाणंद व शिवरस्ते यांचीही हीच व्यथा आहे, आणि त्यांसाठी 2021 मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखली. परंतु योजना रस्ता बांधते, तो जिवंत राहतो तो वापराने. आपल्याकडे जसा तलाठी, तसा तिकडे लेखपाल. त्याच्या दप्तरातील गावनकाशावर चकमार्गाची रेघ असते. ती रेघ भूमीवर टिकावी यासाठी मुलांनी शाळेला, बायाबापड्यांनी शेताला आणि हौशी प्रवाशांनी सफरीला त्याच वाटेने जावे. तेव्हा सुटीत लखनौस गेलात, तर एक सकाळ बक्षीच्या तळ्यासाठी राखून ठेवा. बांधावरील पीक तुडवू नका, आंबा विचारल्याविना तोडू नका, आणि चकमार्गावर आपल्या चाकाची एक खूण ठेवून या. ती खूण पुढल्या पावसात पुसली जाईल, पण वाट चालती राहील.