माझ्याऐवजी

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला विचारले, "नव्या औषधाची चाचणी सुरू व्हावयाची आहे. तुमचे नाव सुचवू का?" विचार करून सांगतो, असे म्हणून मी घरी परतलो.

माझ्या यकृतात हेपटायटिस बीचा विषाणू आहे. जन्मतःच तो मला आईकडून मिळाला आणि आई त्याच दुखण्याने गेली. तिच्या वेळी टेनोफोविरची गोळी निघालेली नव्हती. मी ती रोज रात्री जेवणानंतर घेतो. तिने विषाणू दबून राहतो. समूळ जात नाही. त्या रात्री नातीने विचारले, "आजोबा, तुमच्याआधी औषध कोणाला देऊन पाहतात?"

प्रश्न साधा, उत्तर मात्र अवघड. हा विषाणू मोठा चोखंदळ आहे. साध्या उंदराकडे तो ढुंकूनही पाहत नाही. मग अभ्यास करावयाचा कोणावर? फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात वुडचक नावाचे बिळात राहणारे प्राणी यकृताच्या कर्करोगाने मरत. 1978 साली त्यांच्यात या विषाणूचा एक भाऊबंद सापडला. 1980 साली दुसरा पेकिन बदकांत आढळला. हा विषाणू आरएनएवरून उलट डीएनए घडवितो, हे समर्स आणि मेसन यांनी 1982 साली बदकांच्या यकृतांवरून दाखविले. माझी गोळी नेमका याच कामात खोडा घालते. बदकाचे केवढे हे उपकार!

परंतु बदक म्हणजे मी नव्हे. 1993 साली अमेरिकेत फियालुरिडिन हे औषध 15 रुग्णांना देण्यात आले. प्राण्यांवरील प्रयोगांत धोक्याची खूण दिसली नव्हती. तरी 7 जणांची यकृते निकामी झाली. त्यांतील 5 दगावले. 2 यकृतारोपणाने वाचले. मानवी पेशींतील मायटोकॉन्ड्रियांत शिरावयास त्या औषधाला जे द्वार सापडले, ते उंदराच्या पेशींत नव्हतेच. 2014 साली मानवी यकृतपेशी वाढविलेल्या उंदरांना तेच औषध दिले, तेव्हा त्याचे विषारीपण उघड झाले.

"पुष्कळांना देऊन पाहतात, बाळ," एवढेच मी नातीला सांगितले. त्या पंधरांसारखे कोणी तरी पुढे झाले, म्हणून मी आज तिच्याशी बोलत बसलो आहे. उद्या डॉक्टरांना होकार देईन म्हणतो. भीती गेली आहे असे नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी एक प्रश्न मात्र विचारीन: तुमच्या उंदरांच्या पोटात यकृत कोणाचे होते?