सव्वानऊची मी

माझे सगळे ई-मेल सकाळी सव्वानऊला जातात. मी मात्र सव्वानऊला गाढ झोपेत असते! रात्री दोनला लेख हातावेगळा करायचा, 'शेड्यूल सेंड' दाबायचं, काम फत्ते. एडिटरला वाटतं, काय शिस्तीची पोरगी आहे!

जीमेलनं ही सोय दिली १ एप्रिल २०१९ ला, स्वतःच्या पंधराव्या वाढदिवशी. आउटलुकवाल्यांकडे ती आधीपासून होतीच. मेल गूगलच्या सर्व्हरवर थांबून राहतो. त्यामुळे तुमचा लॅपटॉप बंद असो की गावातली लाइट गेलेली असो, ठरल्या वेळी तो निघतोच. म्हणजे कंधारला घरी आले तरी कुणाला पत्ता लागू नये, असा आपला फंडा.

गेल्या पावसाळ्यात अशीच आले होते. रात्री ओसरीवर बसून लेख जोडला, खाली लिहिलं, 'आज दिवसभर डेस्कवरच आहे, कधीही फोन करा.' शेड्यूल, सव्वानऊ. बाबा पाणी प्यायला उठले होते.

"काय करायलीस गं इतक्या रात्री?"

मी सगळी ट्रिक समजावून सांगितली, जरा ऐटीतच. ते म्हणाले, "टपालपेटीवर पुढलं टपाल कधी निघणार त्याची पाटी ऱ्हायची. पर पत्रावर तारीख लिहिल्याचीच टाकायचो आम्ही." आणि झोपायला गेले.

पहाटे साडेपाचला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांच्या गाडीनं नांदेड गाठलं, पन्नासेक किलोमीटर. मेल डोक्यातून पार गेला होता. सव्वानऊला बाबा आयसीयूत होते, मी दाराबाहेर. नऊ वीसला फोन वाजला. "डेस्कवर आहेस ना? हेडिंग बदलायचंय."

आणि मी काय म्हणावं? "हो हो, बोला ना." बाजूनं स्ट्रेचर जात होतं. सिस्टर नातेवाइकांना हाक मारत होती. मी फोनवर हात ठेवून तिला 'एक मिनिट' अशी खूण केली... हेडिंगसाठी!

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं होतं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. ऑफिसची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क. मी तर टाळ्या वाजवणाऱ्यांतली. पण त्या सकाळी मला अडकवलं कुणी होतं? 'कधीही फोन करा' हे माझ्याच नावानं गेलेलं. एडिटर बिचारा साधा माणूस, खरं सांगितलं असतं तर त्यानं लगेच फोन ठेवला असता.

बाबांना स्टेंट बसला. आता किल्ल्यापर्यंत फिरून येतात.

शेड्यूल सेंड मी अजूनही वापरते, खोटं कशाला बोलू! रात्री दोनला कुणाचा फोन कशाला वाजवायचा? फक्त मेलच्या सुरुवातीला आता एक ओळ असते, 'रात्री दोनला लिहिलंय, कंधारहून.'

पहिल्याच वेळी एडिटरचं उत्तर आलं, 'कंधार? ते कुठे आलं? आणि दोनला जागी काय करत होतीस?'