उरलेले अंतर

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर कधी संपणार हे माझ्या पत्नीला कसे कळते, याचे मला लग्न झाल्यापासून कोडे आहे. सिलिंडरला काटा नाही की आकडा नाही. ती त्याच्या कड्याला धरून तो जरासा कलता करते, क्षणभर थांबते आणि म्हणते, "अजून आठ दिवस जाईल." आणि तो आठ दिवस जातो. मी शाळेत गणित शिकवतो. पण हे गणित मला कधी साधले नाही. उलट माझ्या वाट्याला आलेल्या एका वस्तूला चांगला ठळक, उजळणारा आकडा आहे, आणि त्या आकड्यावर विसंबायला मला सबंध पावसाळा लागला.

हा आकडा माझ्या मोटारीतला. मोटार लहान, विजेवर चालणारी. २०२४ च्या मार्चमध्ये ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली. टाटांनी २०२२ साली टियागो ही विजेवरची मोटार काढली, तेव्हा तिच्यात दोन बहिणी होत्या: थोरली २४ युनिटांच्या बॅटरीची, धाकटी १९.२ युनिटांच्या. माझी धाकटी. कागदावर तिची धाव २५० किलोमीटरची. पण ती चाचणीतली धाव. तिथे उसाच्या ट्रॉलीमागून रांगणे नाही, पाऊस नाही, मागच्या बैठकीवर माणसे आणि त्यांची गाठोडी नाहीत. आमच्या रस्त्यांवर एका युनिटात सात ते साडेआठ किलोमीटर होतात. म्हणजे पूर्ण भरली तर सुमारे दीडशे. पूर्वी, २००१ साली, बंगळूरहून रेवा नावाची चिमुकली गाडी निघाली होती, तिची धाव ऐंशीच्या आसपास सांगत. त्या मानाने आमची धाकटी चांगलीच धावरी म्हणायची.

हे सारे आजचे शहाणपण. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की समोर एक आकडा आहे, तो म्हणतो इतके किलोमीटर उरले, आणि तो खोटे बोलतो. शाळेत जाऊन येऊन दहा किलोमीटर व्हावेत तर तो चौदा कमी करी. एखाद्या दिवशी सहाच कमी करी. पेट्रोलचा काटा खाली आला तर माणूस इतका घाबरत नाही. पुढे कुठेतरी पंप असतो, अगदीच गाडी थांबली तर बाटली घेऊन चालत जाता येते. विजेची बाटली कुठे मिळते?

त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी आईला घेऊन निघालो. मामा आजारी होते. आईचे माहेर गगनबावड्याच्या अलीकडे, असळजच्या बाजूला, आमच्या दारापासून बरोबर ५० किलोमीटर. आई शहात्तरची, मामा तिच्याहून दोन वर्षांनी धाकटे. "त्याला एकदा डोळ्यांनी बघून येऊ," एवढेच ती आठ दिवस म्हणत होती. तिचे गुडघे एस. टी.च्या पायऱ्यांना दाद देत नाहीत, आणि वडापमध्ये दाटीवाटीने बसणे तर तिला अशक्यच. म्हणूनच तर ही मोटार घेतली होती.

आदल्या रात्री मोटार विजेला लावायची मला उशिरा आठवण झाली. सकाळी बॅटरी ७८ टक्के आणि आकडा ११८. जाऊन येऊन १०० व्हायचे, अठरा शिल्लक. फुलेवाडी सुटली, बालिंग्याचा पूल ओलांडला, आणि पावसाने धरले. काच पुसणारे हात सपासप चालू, दिवे चालू, काचेवर वाफ धरते म्हणून थंड हवेचे यंत्र चालू. चाकांखाली पाणी. मी रस्त्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त पाहत होतो. कळे आले तेव्हा २५ किलोमीटर झाले होते आणि आकडा ८१ वर आला होता. पंचवीस चाललो, सदतीस गेले! पुढचे पंचवीस आणि परतीचे पन्नास, म्हणजे पाऊणशे हवेत, जवळ एक्याऐंशी. आणि हे असेच गळत राहिले तर?

मी गाडी कडेला घेतली.

"अहो, चला पुढे," पत्नी म्हणाली. "येताना इतकं लागायचं नाही."

"तुला काय ठाऊक?"

ती गप्प बसली. आई म्हणाली, "काय झालं रं?"

"पुढच्या रविवारी जाऊ, आई. गाडी पुरायची नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि पदराने काच पुसून बाहेर बघू लागली. बाहेर पावसाखेरीज काही दिसत नव्हते.

घरी पोचलो, गाडी बंद करण्यापूर्वी आकडा पाहिला: ६२. मी तसाच बसून राहिलो. कळ्यापासून मामांचे घर आणि तिथून परत कळे, हे जे मी चाललो नव्हतो, ते अंतर ५० होते. जवळ उरले होते ६२. सहावीतल्या मुलाला घालावे असे हे गणित. पण उत्तर हाती आले तेव्हा प्रश्न संपून गेला होता.

पुढच्या रविवारपर्यंत पाऊस असा लागला की बाहेर पडण्याची सोय राहिली नाही. मग पंचगंगा फुगू लागली. आम्ही कोल्हापूरकर एका आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात इथे माणसे एकमेकांना भेटली की प्रकृती नंतर विचारतात, आधी "किती फूट?" असे विचारतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत हा आकडा पंचावन्नच्या वर गेलेला आम्ही पाहिला आहे. त्या आकड्यावर आमचा एवढा भरवसा का? बंधाऱ्यावरची पट्टी काही बोलत नाही. पण किती फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, कोणता रस्ता बंद होतो, हे नदीकाठच्या पोरालाही पाठ असते. आकडा बंधाऱ्यावरचा, अर्थ आमच्या उंबऱ्यावरचा. मोटारीच्या आकड्याशी माझा असा संसार झालेला नव्हता.

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात नदीने ४३ फूट ओलांडले. गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आले, वाहतूक थांबली. त्याच दिवसांत मामा गेले. फोनवर बातमी आली. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, ती तशीच बसली. मातीला जाणे शक्यच नव्हते. संध्याकाळी मी तिच्यापाशी जाऊन बसलो, तेव्हा तीच मला म्हणाली, "पाण्यानं अडवलं, त्याला तू काय करणार?"

पाणी नंतर आले होते. ते तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

त्यानंतर मी एक शंभरपानी वही केली. रोज निघताना टक्के किती, आकडा किती, पोचल्यावर किती, पाऊस होता का, माणसे किती, वाऱ्याचे यंत्र चालू होते का. पत्नी हसली नाही. एरवी ती हसली असती.

दोन महिन्यांत वहीने मला शिकवले ते असे. तो आकडा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. बॅटरीत किती उरले हे तो घेतो आणि अलीकडे गाडीने किती खाल्ले त्या हिशेबाने भागतो. कालपर्यंत तुम्ही जसे चाललात तसेच उद्या चालाल, असे धरून तो बोलतो. पुढे घाट आहे की उतार, पाऊस लागणार की ऊन पडणार, हे त्याच्या गावीही नसते. शाळेच्या भाषेत सांगायचे तर त्याला इतिहास येतो, भूगोल येत नाही. भूगोल आपण सांगायचा.

म्हणून मी मुद्दाम पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरपासून गड २० किलोमीटर. पण तो शहराहून सुमारे ४०० मीटर उंच. चार माणसांसह एवढी गाडी एवढ्या उंचीवर न्यायची तर नुसत्या उचलण्यालाच सुमारे दीड युनिट लागते. दीड युनिट म्हणजे सपाटीवरचे अकरा-बारा किलोमीटर. वाघबिळापासून पुढे आकडा पायरी सुटल्यासारखा घसरू लागला. पण आता मला त्याचे कारण ठाऊक होते. आणि उतरताना गंमत झाली. पाय उचलला की मोटरच उलटी वीज करू लागते आणि ती बॅटरीत परत येते. चढताना दिलेले सगळे परत मिळत नाही, वाटेत दलाली जाते. पण बरेचसे मिळते. गड उतरून आलो तेव्हा टक्के हलले नव्हते आणि आकडा चक्क वाढला होता. तेव्हा मला दुसरा धडा मिळाला: वाढलेल्या आकड्यालाही भुलू नये. तो उताराच्या आनंदात बोलत असतो. मी टक्के पाहायला लागलो, टक्क्यांची युनिटे करायला लागलो आणि पुढचा रस्ता मनात आणून भागाकार स्वतः करायला लागलो.

एकदा पत्नीला सिलिंडरचे विचारले. ती म्हणाली, "हलवून काय कळायचंय? पाहुणे किती येऊन गेले, डाळ किती वेळा शिजली, आंघोळीचं पाणी कितीदा तापवलं, ते डोक्यात असतं. हलवायचं नुसतं खात्रीसाठी." म्हणजे माझ्या वहीचे काम ती वीस वर्षे वहीशिवाय करीत होती. कळ्याला ती "चला पुढे" म्हणाली होती, ते उगीच नव्हते.

भाऊबीज आली. ३ नोव्हेंबर. मी आईला विचारले, "माहेरी जायचं?"

"आता कुणाला ओवाळायला?" ती म्हणाली; पण दुपारी लुगडे बदलून बसली होती. पत्नीचा भाऊ यायचा होता, म्हणून ती घरी राहिली. सणाच्या गडबडीत गाडी पुन्हा पूर्ण भरलेली नव्हतीच: ८५ टक्के. आम्ही दोघेच निघालो. मामांच्या घरी पोचल्यावर मामेबहीण गगनबावड्याच्या स्टँडवर उतरली असल्याचे कळले, तिला आणायला वर जाऊन आलो. परतलो तेव्हा ३७ टक्के आणि आकडा ५४. घर ५० वर.

मामेभावाने हौसेने वायर ओढून दिली. पण माझ्या गाडीचा चार्जर मोठा सोवळा आहे. अर्थिंग नीट नसेल तर तांबडा दिवा लावतो आणि स्वस्थ बसतो. तो तसा बसला.

"दादा, ऱ्हावा की आज. सकाळी जावा," मामेभाऊ म्हणाला.

आई अंगणात उभी होती. ज्या बाईला भाऊ नाही तिने त्या दिवशी चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. दिवस मावळला, डोंगराच्या कडेवर बीजेची बारीक कोर दिसली. मामेबहिणीने तबक आणून दिले. आईने ओवाळले, अक्षता वर टाकल्या, आणि कोर डोंगराआड जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग भाच्याला म्हणाली, "न्हाई बाबा. जातो आम्ही." आणि माझ्याकडे वळून, "पुरंल नव्हं?"

सदतीस टक्के म्हणजे सात युनिटे. रस्ता कुंभीच्या पाण्याबरोबर उतरत जाणारा, हवा गार, पाऊस नाही, माणसे दोन. सहा युनिटे पुरे.

"पुरेल," मी म्हणालो.

घरी ११ उरले होते, हे सांगून टाकतो. त्या वाटेवरचे मला आठवते ते मात्र दुसरेच. साळवण मागे पडले तशी आई बोलू लागली होती. मामा लहानपणी नदीत कसे बुडता बुडता वाचले, तिच्या लग्नात रुसून माळ्यावर कसे जाऊन बसले. कळे आले. ती बोलता बोलता थांबली.

"हितनंच माघारी फिरलो हुतो नव्हं?"

"होय."

"लई पाऊस हुता त्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिने खिडकीची काच थोडी खाली केली.